जोनची पाठ

हार्व झायडेमा खुर्च्या तपासायचा. ओस्टवाल्ड गावच्या कारखान्यात ऑफिसच्या खुर्च्या बनत आणि माणूस बसल्यावर त्या मोडतात की टिकतात, हे बघायचं काम गेली कितीतरी वर्षं त्याच्याकडे होतं. संध्याकाळी मैदानाच्या कडेला ज्या घडीच्या कापडी खुर्चीत तो बसे, ती कारखान्यात आली असती तर त्याने दारातूनच परत पाठवली असती. पण त्याची तक्रार नव्हती. मिशिगनच्या त्या भागातला डच माणूस तक्रार करायची झाली तर आधी हवामानापासून सुरुवात करतो, आणि तिथलं हवामान असं आहे की मूळ तक्रारीची पाळीच येत नाही.

मैदानाच्या कडेला बसायचं कारण म्हणजे त्याची मुलगी ब्रेना. शाळेचं शेवटचं वर्ष. फुटबॉलच्या बचावफळीत मधोमध खेळायची, आणि बरी खेळायची. बरी म्हणजे इतकी, की तिच्यावर दोन टीमांचा हक्क होता. एक ओस्टवाल्ड हायस्कूलची आणि दुसरी तासाभरावरच्या लेकफ्रंट क्लबची. शाळेचा मोसम वसंतात, म्हणजे कॅलेंडरवरच्या वसंतात. प्रत्यक्षात मुली हातमोजे घालून बर्फात खेळत. क्लबचा मोसम बारमाही. शाळेचा मोसम चालू असेपर्यंत क्लबचा सामना खेळायचा नाही, खेळलं तर शाळेची टीम बाद. सराव मात्र चालतो, असा नियम होता. त्यामुळे ब्रेना दुपारी शाळेत सराव करी, मग व्हॅनमध्ये कपडे बदली, व्हॅनमध्येच जेवी आणि संध्याकाळी क्लबात पुन्हा तोच सराव करी. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, तसं होऊ नये म्हणून हार्वची बायको मार्शा व्हॅनमध्ये रोज डबा ठेवायची.

शाळेचे कोच पोस्टमा सर मूळचे इतिहासाचे शिक्षक. क्लबचा कोच डेक्लन इंग्लंडचा. अमेरिकेत फुटबॉल शिकवायला इंग्लंडचे उच्चार असले की बाकी कोणी फार विचारत नाही. मार्चमध्ये ब्रेनाचा गुडघा दुखायला लागला तेव्हा डेक्लन म्हणाला, "हिला विश्रांती हवी." म्हणजे शाळेकडून खेळू नये. पोस्टमा सरही म्हणाले, "हिला विश्रांती हवी." म्हणजे क्लबात जाऊ नये. गुडघ्याबद्दल दोघांचं असं संपूर्ण एकमत असल्यामुळे मुलीला विश्रांती काही मिळाली नाही.

"एक काहीतरी सोड की," एकदा हार्व गाडी चालवता चालवता म्हणाला.

"कुठलं?"

"तू सांग."

"क्लब सोडला तर कॉलेजचे कोच मला खेळताना बघणार कुठे? ओस्टवाल्डला? इथला रस्ता फोनलासुद्धा सापडत नाही, डॅड."

"मग शाळेची टीम सोड. डेक्लन केव्हाचा मागे लागलाय."

ब्रेनाने तोंडातला घास संपवला. मग म्हणाली, "शाळेच्या मॅचला पाके येतात."

हार्वने तो विषय पुन्हा काढला नाही, कारण त्याचंही दुखणं तेच होतं.

पाके म्हणजे आजोबा. ब्रेनाचे पाके, हार्वचे वडील, गेरिट झायडेमा. आयुष्यभर गाई पिळल्या, आणि खुबा गेल्यावर नाइलाजाने थांबले. शाळेच्या मैदानावर होणाऱ्या प्रत्येक सामन्याला ते आपला जुना ट्रक गोलच्या मागे लावत आणि ब्रेनाने चेंडू अडवला की हॉर्न वाजवत. उतरत नसत. हार्व आपली कापडी खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी ट्रकमध्ये जाऊन बसे. हा माणूस लहानपणी त्याला दिसायचा तो पाठमोरा, गाईच्या पोटाला डोकं टेकवलेला. शेजारी शेजारी, हाताला काम नसताना, बाप-लेक आयुष्यात पहिल्यांदा बसत होते ते या सामन्यांना. बोलणं फार व्हायचं नाही. अध्येमध्ये पाके खिशातून पेपरमिंट काढून एक त्याला देत आणि एक स्वतः खात. हार्वला या बसण्याइतकं जगात दुसरं काही प्रिय नव्हतं, पण हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मार्शालाही नाही.

घोडं अडत होतं ते रविवारी. पाकेंच्या हिशेबी रविवार देवाचा. त्या दिवशी सकाळी चर्च, संध्याकाळी पुन्हा चर्च, आणि मधल्या वेळात गवत कापायचं नाही, दुकानात जायचं नाही, चेंडूला पाय लावायचा नाही. हार्व सतरा वर्षांचा असताना त्याला मोठ्या शहरातल्या एका टीमने बोलावलं होतं. ती टीम रविवारी खेळायची. बापाने वर न बघता "नाही" म्हटलं आणि विषय गोठ्यातच संपला. त्यानंतर हार्वने बूट चुलतभावाला देऊन टाकले.

आणि लेकफ्रंट क्लबचं निम्मं कामकाज रविवारी चालायचं.

ब्रेना क्लबात गेली त्या पहिल्याच रविवारी, चर्च सुटल्यावर पाकेंनी विचारलं होतं, "गाडी काढून कुठे निघालात?"

हार्वच्या तोंडून निघून गेलं, "जोनकडे."

जोन ही हार्वची थोरली बहीण, ग्रँड रॅपिड्सला राहायची. ती ज्या चर्चमध्ये जाई तिथे बाई प्रवचन द्यायची. एवढ्या एका कारणावरून पाकेंनी तिच्या घरी पाऊल टाकायचं बंद केलं होतं, आणि फोन हा त्यांच्या मते मयताची बातमी कळवण्यासाठी होता. जोनचं नाव त्यामुळे सुरक्षित होतं. पण पुढच्या रविवारी पाकेंनी पुन्हा विचारलं. "परत जोनकडे? बरी आहे ना ती?"

आजाऱ्याला भेटणं रविवारी चालतं. नव्हे, ते पुण्याचं काम आहे. हार्वला एकदम मोकळी वाट दिसली.

"तिची पाठ," तो म्हणाला. खुर्च्या तपासणाऱ्या माणसाला दुसरा कुठला अवयव आधी सुचणार?

त्याच रात्री त्याने जोनला फोन केला. जोन म्हणाली, "अरे, निदान विचारायचंस तरी! काहीतरी भारदस्त दुखणं निवडलं असतं मी."

"आता झालं ते झालं. नाताळला येशील तेव्हा जरा हात लावून चाल."

"कुठे हात?"

"पाठीला, जोन."

बुडत्याचा पाय खोलात, तसं पुढे झालं. पाकेंनी जोनची पाठ प्रार्थनेत घातली. दर रविवारी सगळं चर्च डोळे मिटून जोन झायडेमाच्या पाठीसाठी देवाची करुणा भाकू लागलं, आणि देवाला त्या पाठीत काही सापडेना. मग बायकांच्या मंडळाने मनावर घेतलं. हार्व जातोच आहे तर त्याच्याबरोबर हॅम घातलेले बन, वाटाण्याचं सूप असं काही ना काही जाऊ लागलं. जोनकडे पोचवायला वाट वाकडी करावी लागे, म्हणून ते लेकफ्रंटच्या पोरी खाऊ लागल्या. त्या वर्षी लेकफ्रंट विभागात पहिलं आलं. डेक्लनने त्याचं श्रेय नव्या सराव-पद्धतीला दिलं.

"हे एक दिवस अंगाशी येणार," मार्शा म्हणायची.

"येईल तेव्हा बघू."

"ब्रेनाला काय शिकवतोयस तू? चर्चच्या स्कर्टाखाली खेळाची चड्डी घालून बसते पोरगी प्रार्थनेला!"

"थंडी असते ना," हार्व म्हणाला.

खरं सांगायचं तर तो भ्यायला होता. पाके रागावतील याची भीती नव्हती. रागावून ते शांतच बसले असते. पण उद्या कळलं, तर तो ट्रक गोलच्या मागे उभा राहणार नाही, आणि आपली शेजारची जागा जाईल, याची त्याला भीती होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाने असं भ्यावं हे त्यालाच बरं वाटत नव्हतं. तरी तो भ्यायचा.

मे महिना सरत आला आणि ओस्टवाल्ड हायस्कूल बाद फेरीत पेनल्टीवर हरलं. पोस्टमा सर रडले. मुली रडल्या. ब्रेना रडत रडत व्हॅनमध्ये बसली आणि दार लावल्यावर म्हणाली, "म्हणजे रविवारी मी क्लबची मॅच खेळू शकते." शाळेचा मोसम संपला होता. त्या सामन्याला ओहायोच्या एका कॉलेजची कोच येणार होती, खास ब्रेनाला बघायला. पुन्हा ती येणार नव्हती.

रविवारी चर्च सुटलं आणि बघतात तर पाके व्हॅनशी उभे. डोक्यावर टोपी, हातात बदामाच्या सारणाची लांब वळी, कागदात गुंडाळलेली.

"मीपण येतो जोनकडे," ते म्हणाले.

हार्वने मार्शाकडे बघितलं. मार्शाला लहान मुलांचा वर्ग घ्यायचा होता. एरवी तिला त्या वर्गाचा कंटाळा असे. आज ती लगबगीने आत गेली.

"बाबा, तुम्ही कशाला त्रास घेता? तुमचा खुबा..."

"माझा खुबा आणि तिची पाठ. दोघं मिळून एक माणूस होईल," पाके म्हणाले आणि पुढच्या सीटवर चढले. मग समोर बघत म्हणाले, "म्हातारा झालो. त्या बाईच्या प्रवचनापायी पोरीच्या घरची पायरी चढलो नाही मी. हे काही बरं नाही केलं."

आता आली का पंचाईत! बाप कधी नव्हे तो झुकायला निघाला होता, आणि तोही एका खोट्या पाठीपुढे. मागच्या सीटवर ब्रेना स्कर्ट गुडघ्यावर ओढून बसली होती. जोनकडे वळलं तर सामना गेला. न वळलं तर बाप गेला. हार्वने आयुष्यात इतकी सावकाश गाडी चालवली नव्हती. मागचे लोक त्याला ओलांडून जात होते, आणि त्यातली एक बाई ऐंशीच्या घरातली होती.

जोनच्या घराचा फाटा आला. हार्वने फाट्याकडे बघितलं, आरशात ब्रेनाकडे बघितलं आणि गाडी सरळ नेली.

"फाटा मागे राहिला," पाके म्हणाले.

"हो."

"मग?"

"जोनची पाठ ठणठणीत आहे, बाबा. कधी दुखलीच नाही. ब्रेनाची मॅच आहे. दर रविवारी असतं काही ना काही. इतकी वर्षं मी तुमच्याशी खोटं बोललो."

पाकेंनी खिशातून पेपरमिंट काढलं. एकच. ते तोंडात टाकलं आणि खिशाचं बटण लावून घेतलं. पुढचा सगळा रस्ता गाडीत त्या पेपरमिंटचा आवाज येत राहिला.

मैदान आलं. बापाला निदान बघायला तरी लागू नये म्हणून हार्वने व्हॅन मैदानाकडे पाठ करून लावली. समोर एक चर आणि त्यापलीकडे मक्याचं शेत होतं, नुकतं उगवलेलं. ब्रेनाने स्कर्ट काढून घडी घातली. "पाके, मी..."

"उशीर होईल तुला," पाके म्हणाले.

ती पळाली. हार्व उतरला नाही. बापाला एकट्याला सोडून जाणं त्याला जमेना. मागून शिट्टी वाजली, पालकांचा ओरडा सुरू झाला, डेक्लनचे इंग्लंडी उच्चार ऐकू येऊ लागले. इतकी वर्षं ज्याच्यासाठी खोटं बोललो तो सामना पाठीमागे चालला होता, आणि हार्व मका बघत बसला होता. एकदा मोठा ओरडा झाला. गोल झाला की वाचला, कळायला मार्ग नव्हता. पाके अंग चोरून दाराकडे कलून बसले होते. आपल्यापासून होता होईल तितकं लांब सरकलेत, असं हार्वला वाटलं आणि त्याला फार वाईट वाटलं.

मध्यंतराची शिट्टी झाली.

"गाडी फिरव," पाके म्हणाले.

हार्वने निमूट किल्ली फिरवली. संपलं, त्याच्या मनात आलं. "मार्शाला फोन करतो," तो म्हणाला. "ब्रेनाला न्यायला तिला यावं लागेल."

"का? तू कुठे चाललास?"

"घरी ना? तुम्ही म्हणालात, फिरव."

"घरी कोण म्हणालं? गाडीचं तोंड मैदानाकडे कर. मघापासून या दारावरच्या आरशात बघून माझी मान अवघडली. वर त्यात सगळं उलटं. पोरगी डावीकडे गेली की उजवीकडे, काही कळत नाही."

हार्वने गाडी फिरवली. नीट जमली नाही, दोनदा मागेपुढे करावी लागली. समोर हिरवं मैदान आलं. ब्रेना कडेला पाणी पीत उभी होती. तिने गाडीकडे बघितलं आणि बाटली तोंडाशी तशीच राहिली.

"संपलं की जोनकडे जायचं," पाके म्हणाले. "ही वळी तिच्यासाठी आणलीय. या पोरींना द्यायची नाही."

"बरं."

"आणि मी हे बरोबर म्हणत नाही. रविवार तो रविवार."

"हो, बाबा."

उत्तरार्ध सुरू झाला. लगेचच समोरची एक उंच पोरगी चेंडू घेऊन सुसाट आली, आणि ब्रेनाने घाई न करता, नुसतं तिच्या वाटेत उभं राहून तो काढून घेतला. पाके पुढे वाकले. बराच वेळ तसेच वाकून बघत राहिले.

"तू कुठल्या जागी खेळायचास रे?" त्यांनी विचारलं.

हार्वला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "मी?"

"मॅचच्या वेळेला गाई पिळायच्या असत. मी एकदाही आलो नाही. कुठे खेळायचास?"

"तिथेच," हार्व म्हणाला. "ती उभी आहे ना, त्याच जागी."

पाके मैदानाकडे बघत होते. "चांगली जागा आहे," ते म्हणाले. "बघायला हवं होतं मी."

हार्व बराच वेळ बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत बसला. मैदान समोर होतं.