सासूबाईंची जिवंत भेग

घरांच्या पायाच्या भेगा बुजवणाऱ्या त्या मिस्त्रीला सगळी वस्ती नाडीमिस्त्री म्हणायची, आणि ते काही उगीच नाही. हा बाबा कुणाकडेही गेला की आधी भिंतीला कान लावणार, मग जोत्यावर टिचकी मारणार, आणि असं काही गंभीर तोंड करणार की घरमालकाची पाचावर धारण बसावी. त्याचा नेम एकच. भेग जिवंत आहे की मेली, हे कळल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. त्यासाठी तो भेगेवर काचेची पातळ पट्टी आडवी चिकटवायचा. पट्टी फुटली, तर पाया अजून हलतोय. शाबूत राहिली, तर भेग मेली, भरा खुशाल.

आता गंमत बघा, खचलं ते नेमकं त्याच्या सासूबाईंचं घर. सांडपाण्याचा पाइप फुटला, माती भिजली, पाया बसला आणि जोत्यापासून खिडकीपर्यंत भेग गेली. ती बुजेपर्यंत सासूबाई लेकीकडे राहायला आल्या, म्हणजे मिस्त्रीच्याच घरात. आल्या त्या त्याच्या आरामखुर्चीत ठाण मांडून बसल्या. त्याच्या घोरण्याला नावं ठेवली, रेडिओचा आवाज बारीक केला. संध्याकाळ झाली की त्याला पत्ते खेळायला बसवायच्या आणि राजरोस लबाडी करायच्या, एक्के सगळे मांडीखाली! पकडलं तर वर म्हणायच्या की जावईबापू, तुम्ही भिंती बघा. बायको पत्त्यांना कधी शिवायची नाही. ती आतून हसायची.

कधी एकदा ही पीडा जाते, असं मिस्त्रीला झालं. त्याने पाइप बदलला, पायाखालची भुसभुशीत माती काढून काँक्रीट भरलं आणि भेगेवर काच लावली. फुटली. दुसरी लावली, तीही फुटली. पुन्हा खणून बघतो तर काँक्रीट दगडासारखं टणक. बिचाऱ्याच्या नाकी नऊ आले. त्यात हातोडी कुठे सापडेना, म्हणून तो बायकोवर डाफरायचा. सासूबाई रोज सकाळी झाडांना पाणी घालायला तिकडे जायच्या आणि परत येऊन हळहळायच्या, आजही फुटली हो.

आणि या शहाण्याला संशय येऊ नये! नेमापायी अक्कल गहाण, दुसरं काय.

एका सकाळी तो तिथे विसरलेली थापी आणायला गेला. खिडकीतून बघतो तर सासूबाई भेगेसमोर उभ्या, हातात त्याचीच हातोडी. टक्. पट्टीचे दोन तुकडे.

सासूबाई जराही गडबडल्या नाहीत. हातोडी त्याच्या हातात देत म्हणाल्या, "इथे दिवसभर भिंतींशी किती बोलायचं, जावईबापू? त्या पत्तेही खेळत नाहीत. घ्या, भरा तुमची भेग."

मिस्त्री असा खूश झाला की विचारू नका. तरी नेम म्हणजे नेम, त्याने नवी पट्टी लावलीच. ती शाबूत राहिली. तोवर सासूबाईंनी पिशवी भरून दाराशी ठेवली आणि स्वतः स्टुलावर बसू लागल्या. खुर्ची मोकळी, रेडिओ मोकळा, पत्ते फडताळात. तीन माणसांच्या घरात घड्याळ तेवढं बोलायचं. मिस्त्री खुर्चीत बसायचा, उठायचा, पुन्हा बसायचा. मेल्याला करमेना.

भेग भरायच्या दिवशी त्याने सिमेंट-वाळू कालवली आणि भेगेपुढे उभा राहिला. भिंतीला कान लावला. जोत्यावर टिचकी मारली. मेलेली होती, पक्की मेलेली. मग खिशातली हातोडी काढली आणि पट्टीवर हाणली.

घरी आला तो घरमालकांना घाबरवायचं तेच गंभीर तोंड करून. "फुटली," म्हणाला. "आई, तुमची भेग अजून जिवंत आहे. इतक्यात तिथे जाता यायचं नाही तुम्हाला."

सासूबाईंनी त्याच्या खिशातून डोकावणाऱ्या हातोडीकडे पाहिलं. पिशवी आत नेऊन ठेवली, आरामखुर्चीत बसल्या आणि पत्ते पिसायला लागल्या.