लशीच्या पेटीतला बर्फ

खसच्या सरबताचा वास आला की मला अजून हसू फुटतं. लातूर नवा जिल्हा झाला होता, दुष्काळ मात्र जुनाच होता. देवणीकडच्या एका गावात जनावरांना लाळ्या-खुरकूत लागली, आणि जिल्ह्याचे नवेकोरे साहेब जीपभर माणसं घेऊन लस द्यायला आले. आधी अर्थातच भाषण! "विषाणूला स्वतःचं काहीच नसतं," साहेब मंचावरून गरजले. "वर प्रथिनाचं कवच, आत जनुकांचा धागा. तो खात नाही, पचवत नाही. दुसऱ्याच्या पेशीत शिरतो, तिचंच सामान वापरून आपल्यासारखे शेकडो तयार करतो आणि पेशी फोडून निघून जातो." तिकडं मंचाच्या कोपऱ्यात त्यांचा शिपाई लशीच्या पेटीतला बर्फ फोडून सरबतात घालत होता. बर्फ संपला तर लस वाया जाईल, असं मी, त्यांचाच नवखा गुरांचा डॉक्टर, कानाशी जाऊन सांगितलं. साहेबांनी मला माशीसारखं हाकललं. शेवटी एक म्हातारी आपला धडधाकट बैल खुंट्याला बांधून मंचावर चढली. शेजारचा बैल लाळ गाळत बसलेला तिनं सकाळीच पाहिला होता. तिनं ग्लास उचलले आणि सरबतासकट बर्फ परत पेटीत ओतला. "अहो बाई, हे काय?" साहेब किंचाळले. "तुमचा विषाणू समजला की, साहेब," ती म्हणाली. "जीपीतून उतरताना बघितले म्या. लई हायत." अख्खा मांडव खदखदला. सरबतानं हिरव्या, चिकट झालेल्या लशीच्या बाटल्या पुसत मी पहिली सुई तिच्याच बैलाला टोचली. तो वाचला. पुढं नोकरीत तसले साहेब ढिगानं भेटले. सरबत ओतणारी मात्र पुन्हा भेटली नाही.