शुद्ध मराठीतला फोन

ही गोष्ट मी बायकोलाही कधी सांगितली नाही. ती गेली, मुलं आपापल्या गावी स्थिरावली, तरी मी टाळतच राहिलो. कोणी त्या केंद्राचा विषय काढला की मी पाण्यापावसाचं काहीतरी विचारायचो. आता लिहूनच ठेवतो.

कापसाची ती वाईट वर्षं होती. दारव्ह्याजवळच्या एका सरकारी कापूस खरेदी केंद्रावर मी कारकून होतो. बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग सडकेपर्यंत जायची, लोक चार-चार दिवस कापसावरच झोपायचे. नंबरावरून मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा नंबर लावायला कॉम्प्युटर आला आणि तो चालवायला एक मुलगी आली. जवळच्या खेड्यातल्या बौद्ध घरातली. त्या घरातली ही पहिली नोकरी.

मला त्या यंत्राचं भारी कुतूहल. काम नसलं की मी तिच्या खुर्चीमागे उभा.

"यात नाव टाकलं का जाते कुठं ते?"

"काका, तुमच्या डोक्यात जाते तसंच."

"माह्या डोक्यातून तं निघून जाते."

"म्हणून तं हे आणलं न!"

यंत्र उघडायला पासवर्ड लागायचा. ती दर सोमवारी तो बदलायची. पण गावाहून येणारी प्रवासी जीप तिची कधीकधी चुकायची आणि सकाळी रांग ताटकळायची. म्हणून दर वेळी नवा पासवर्ड ती मला एकट्याला सांगून ठेवायची. नियमात ते बसत नव्हतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"काकूले बी सांगायचा नाही हं."

"अन साहेबानं फोनवर मागितला तं?"

"तं फोन ठेवून द्यायचा, अन हापिसातल्या वहीतला नंबर पाहून आपण सोता लावायचा. खरा साहेब असन तं थोच उचलन."

मला हे गमतीचं वाटलं. साहेबाचा फोन कोणी ठेवतं का?

एके दुपारी ती लिंबाखाली डबा खात होती. व्यवस्थापक वजनकाट्यावर होते. फोन वाजला.

"नमस्कार. जिल्हा कार्यालयातून बोलतोय. आपला प्रिंटर कालपासून कागद ओढत नाही, असं कळलं."

खरंच ओढत नव्हता. पण मी हललो तो त्या माहितीने नाही, भाषेने. अशी स्वच्छ, पुस्तकी मराठी आमच्याकडे बदलून आलेल्या मोठ्या साहेबांच्याच तोंडी असायची. मी फोन धरून उभा राहिलो. माझ्या तोंडचं 'मले' आपोआप 'मला' झालं.

"दुरुस्तीला माणूस पाठवतोय. त्यासाठी पासवर्ड लागेल. आपण जबाबदार कर्मचारी आहात, म्हणून आपल्यालाच विचारतो."

मी सांगितला. एकेक अक्षर फोडून, दोनदा.

दहा मिनिटांत बॅग घेतलेला एक माणूस आला, यंत्रापुढे बसला आणि ती हात धुऊन येण्याआधी निघूनही गेला. प्रिंटर तसाच अडकलेला होता. मी तिला काही बोललो नाही. दिलेला शब्द मोडला, हे कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

संध्याकाळी खडखडाट करत प्रिंटर कसाबसा चालला. दुसऱ्या दिवशी दारावर यादी लागली, तर तिच्यात वरच अकरा अनोळखी नावं. चार दिवस थांबलेले लोक आणखी मागे ढकलले गेले. खिडकीवर गर्दी झाली. एक म्हातारा ओरडला, "बाई, तुह्या कॉम्प्युटरले बी वशिला लागते का वं?"

चौकशी झाली. बदल त्या दुपारी तिच्या पासवर्डाने झाला होता. ती म्हणाली, मी तेव्हा जेवत होते. साहेबांनी विचारलं, "पासवर्ड आणखी कोणाला माहीत आहे?"

तिने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "कोणालेच नाही, सर."

तिला वाटलं असणार की खरं सांगितलं तर काकांची नोकरी विनाकारण जाईल. काकांनी तो कोणाला दिला असेल, हे तिच्या मनातही आलं नसावं. मी टेबलाची कड धरून उभा होतो. बोलायला एवढी एकच वेळ होती. ती वेळ निघून गेली आणि आठवड्याने त्या मुलीची नोकरीही गेली. तिच्या वस्तीचं नाव घेऊन "अशांच्या हाती दिलं का असंच होते" म्हणणारे निघाले. मी तेही ऐकून घेतलं.

मात्र एक कोडं मला सोडेना. प्रिंटरचं त्या फोनवाल्याला कळलं कसं? आणि मलाच विचारायचं, हे त्याला कोणी सांगितलं? मी तो आठवडा मनात पुन्हा पुन्हा चालून पाहिला, तेव्हा चहाच्या टपरीवर येऊन थांबलो. त्या बाकावर, शेतकऱ्यांकडून स्वस्तात घेतलेला कापूस केंद्रावर खपवू पाहणाऱ्या व्यापाऱ्यांची माणसं बसलेली असायची. प्रिंटरची तक्रार मीच तिथे केली होती. आणि मिशीवरून हात फिरवत म्हटलं होतं, "मशीन का एकट्या पोरीच्या भरोशावर हाये? मले बी उघडता येते." त्याला काहीच शोधावं लागलं नव्हतं. सगळं मीच पुरवलं होतं.

आता असे फोन मलाही येतात. खातं बंद होईल म्हणतात, आकडा सांगा म्हणतात. मी थोडा वेळ ऐकतो. घाई कुठे लावतात, मान कुठे देतात, ते पाहतो. मग ठेवून देतो आणि पासबुकावरच्या नंबरला स्वतः फोन लावतो.

मागच्या वर्षी हयातीच्या दाखल्यासाठी दारव्ह्याला एका ऑनलाइनच्या दुकानात गेलो. खुर्चीवर ती होती. केस पांढरे झालेले. तिने मला लगेच ओळखलं, माझा अंगठा धरून यंत्रावर टेकवला.

"काका, एक इचारू? थे मी केलं, असं तुमाले बी वाटलं होतं का?"

"नाही."

"बस मंग," ती म्हणाली. "माह्या बापाले मरेपर्यंत लोक इचारत होते. कोणीतरी मले खरं मानते, हे त्याले सांगाले पाहिजे होतं."

मागे लोक उभे होते. तिने कागद दिला, मी तो घडी घालून खिशात ठेवला आणि बाहेर पडलो. पायरीवर थांबून मी ते वाक्य पुटपुटलो, पण आत गेलो नाही. वाक्य एवढंच होतं: बाई, तो पासवर्ड मी दिला, आणि तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मी गप्प राहिलो, मला माफ कर.