सोळाव्या वर्षाची चाचणी

शाळेत मुलं तिला मापबाई म्हणत. नोकरी खेळाच्या शिक्षिकेची. पण दरवर्षी परीक्षा संपल्या की सरकारच्या खेळाडू-शोध योजनेसाठी नऊ शाळांतल्या अकरा वर्षांच्या मुलांची मोजणी तिच्याकडे असे. उंची, हातांची लांबी, जागेवरून उडी, साठ मीटर धाव. पहिल्या वीस जणांना निवासी केंद्रात जागा मिळे. तिथे प्रशिक्षक, डॉक्टर, सकस जेवण, सगळं. आणि जो राहिला तो कायमचाच राहिला. पुन्हा चाचणी नाही, असा नियम.

बारा वर्षं तिने हे काम इमानेइतबारे केलं. तेराव्या वर्षी कारकून रजेवर गेले, म्हणून यादी लिहायला ती स्वतःच बसली आणि जन्मतारखांच्या रकान्यात तिचा हात थबकला. जानेवारी, फेब्रुवारी, जानेवारी, मार्च. वीसपैकी चौदा मुलं वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांतली. जुन्या याद्या काढल्या, तर तिथेही तेच.

तिचा नवरा वायरमन. तो म्हणाला, "म्हणजे पोराला पदक हवं असेल तर आईबापांनीच आधी कॅलेंडर बघायला हवं!"

ती हसली, पण गोष्ट डोक्यातून जाईना. वय धरायचं ते जन्मवर्षावरून, म्हणजे जानेवारीचं आणि नोव्हेंबरचं मूल एकाच रांगेत. अकराव्या वर्षी दहा महिन्यांनी मोठं असणं म्हणजे चार बोटं जास्त उंची. आपण गुण मोजतोय की नुसतं वय? निवडलेल्यांची चौकशी केली, तर निम्म्याहून जास्त सतराव्या वर्षापर्यंत केंद्र सोडून घरी आलेली.

तिने क्रीडा खात्याला पत्र लिहिलं. 'पत्र मिळाले' एवढंच उत्तर आलं. मग दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. चौथ्या वेळी मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, कशाला वाघाच्या तोंडात हात घालता?"

"सर, वाघ असता तर गुरगुरला तरी असता. इथे नुसता शिक्का येतो."

त्याच वर्षी जागतिक स्पर्धेतून देशाचं पथक हात हलवत परत आलं. वर्तमानपत्रांनी झोडपलं, समिती नेमली गेली. समितीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी धूळ खात पडलेली ती चारही पत्रं वाचली आणि मापबाईला बोलावणं आलं.

लांबलचक टेबल, पलीकडे नऊ माणसं. अध्यक्ष म्हणाले, "बाई, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात, असं म्हणतात ना?"

"पाय दिसतात साहेब. पुढे कितव्या नंबरचा बूट लागणार ते नाही दिसत."

दोघं-तिघं हसले. तिने तेरा वर्षांच्या याद्या पुढे सरकवल्या. "सोळाव्या वर्षी पुन्हा एकदा चाचणी घ्या. एवढंच मागणं आहे."

"आणि काही हाती लागलं नाही तर?"

"तर शोधलं पण सापडलं नाही, असं म्हणू. आत्ता न शोधताच नाही म्हणतोय."

दोन वर्षांसाठी, फक्त तिच्या विभागापुरती परवानगी मिळाली.

पहिल्याच चाचणीला एक मुलगी आली नाही, तेव्हा बाई स्वतः तिच्या मामाच्या बेकरीत गेली. मुलगी नोव्हेंबरची. अकराव्या वर्षी चिमणीएवढी होती. आता सगळे तिला शिडी म्हणत. पावांचे जड ट्रे ती कागदासारखे उचलत होती.

मामा कुरकुरला, "हिला नेलंत तर वरच्या फळीवरचे डबे कोण काढणार?"

"स्टूल घ्या," बाई म्हणाली.

शिडीची निवड नौकानयनासाठी झाली. तिसऱ्याच आठवड्यात तिचा फोन आला. "बाई, हातांची सालं निघालीत. बाकीच्या सहा-सहा वर्षं होडीत आहेत. मी परत येते."

"ये की. काल शर्यतीला किती वेळ लागला?"

तिने सांगितला.

"आणि पहिल्या दिवशी?"

पलीकडे वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग शिडी हळूच म्हणाली, "दीड मिनिट जास्त."

"रविवारी पुन्हा फोन कर. तेव्हाही यायचं असेल तर मी न्यायला येते."

रविवारी फोन आला, पण परतण्याचं नावसुद्धा नाही. अर्धा तास ती वल्ह्यांबद्दलच बोलत होती.

सहा वर्षांनी देशाच्या आठ जणींच्या होडीने कांस्यपदक मिळवलं. आठांपैकी चौघी सोळाव्या वर्षाच्या चाचणीतून आलेल्या. तोवर ही दुसरी चाचणी देशभर लागू झाली होती. शाळेच्या सभागृहात भर दुपारी सगळ्यांनी टीव्हीवर शर्यत पाहिली. बाईला काही खुर्चीत बसवेना. ती उभीच होती, आणि शेवटच्या शंभर मीटरला तिने मुख्याध्यापकांचा खांदा असा दाबला की ते ओरडले.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये चढताना ड्रायव्हरने तिला ओळखलं. अगदी सुरुवातीच्या एका वर्षी तिनेच त्याला मोजून बाद केलं होतं.

"बाई, मी डिसेंबरचा," तो म्हणाला. "मलाही परत मोजलं असतं तर?"

तिला खोटं बोलवेना. "तुझं राहून गेलं रे. मला कळायला उशीर झाला."

त्याने मान हलवली, गिअर टाकला. दोन थांबे गेल्यावर मागे न पाहता म्हणाला, "माझी पुतणी सोळाची झालीय. चाचणी कधी आहे?"

"मंगळवारी, सकाळी आठला. पोटभर खाऊन यायला सांग."