वसुधाताईंनी खाल्लेलं बियाणं

चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधणारी माणसं तुम्ही; तुम्हाला पिवळी ज्वारी काय आठवणार! आपल्या जळकोटाकडच्या शेतांतून ती नाहीशी होता होता राहिली, आणि कुणामुळे राहिली तेही विसरून बसलात. म्हणून वसुधाताईंच्या पंचाहत्तरीच्या या गौरवग्रंथात मला बोलावं लागतंय. मला अक्षर येत नाही. मी बोलते, सूनबाई लिहून घेतात. त्या शाळेत शिकवतात, त्यामुळे माझं बोलणं मधूनच सुधारतात. चुका निघाल्या तर त्यांच्या समजा.

ताई नांदेडला कॉलेजात शेतीशास्त्र शिकवीत. शिवाय संस्थांनी सरकारी पैशावर गावोगावी काढलेल्या योजनांचा खरोखर काही उपयोग झाला का, हे तपासायला जात. आमच्या गावीही त्या तशाच आल्या.

भूकंपात आमच्या भिंती राहिल्या, पण उतरंडी कोसळल्या. बियाण्याची मडकी फुटून मूग, राळा, ज्वारी सगळं एक झालं. आम्ही बायकांनी अंगणात बसून ते निवडलं. पुढे एका संस्थेनं जुनी वाणं जपायला बियाणंघर काढून दिलं, आमची समिती केली. मग शेतात सोयाबीन शिरलं आणि घरात लातूरचे क्लास. समितीतल्या निम्म्या बायका पोरांना डॉक्टर करायला लातुरात खोल्या घेऊन राहिल्या. गावात मडकी सांभाळायला उरलो मी आणि माझी जाऊ गयाबाई.

त्याच दिवसांत ताई पहिल्यांदा आल्या. बियाणंघर चालू ठेवायचं की बंद करायचं, हे त्यांच्या अहवालावर ठरणार होतं. संस्थेच्या साहेबांनी आम्हाला बजावलं होतं, "पिवळी ज्वारी तेवढी दाखवा, बाकी मी बोलतो." ती दुसरीकडे कुठं उरलीच नव्हती.

ताईंनी साहेबांचं बोलणं थोडं ऐकलं आणि थेट चुलीपाशी येऊन बसल्या. गावात काय पिकतं ते ताटात दिसतं, असं त्यांचं म्हणणं. गयाबाईंनी गरम भाकरी वाढली. ताईंनी तुकडा मोडला, थांबल्या, पुन्हा मोडला.

"काय गोड भाकरी आहे हो! ही पिवळी ना? याचं बियाणं दाखवा बरं."

गयाबाईंनी पदर सावरला. "ताई, ते तुम्ही खाल्लं की."

मी म्हणाले, "गयाबाई, सगळं दळलं?"

"मग काय सोयाबीनची भाकरी वाढू? नांदेडाहून पाहुण्या आल्या. घरात सगळ्यात चांगली ज्वारी तीच हाय!"

आता सांगा, आमच्याकडे पाहुण्याला दुसऱ्या प्रतीचं कोण वाढतं? साहेबांचा घास घशात अडकला. पाणी पिऊन त्यांनी मला हळूच विचारलं, "पांढरीला हळद चोळता येईल का हो?"

ताईंच्या कानावर ते गेलंच. आधी त्या खूप हसल्या, मग गंभीर झाल्या. "जे पाहिलं तेच मी लिहीन. मडकं रिकामं आहे, तर रिकामं लिहीन. पण अजून माझं सगळं पाहून झालेलं नाही. समितीतल्या बाकीच्या बाया कुठे आहेत?"

"लातुरात."

"चला मग लातूरला."

आजवर तपासणीचे साहेब चावडीवरून परत गेलेले मी पाहिले होते. या बाई आम्हा दोघींना एसटीत घालून निघाल्या. गयाबाई वाटभर खिडकीकडे तोंड करून बसल्या. उदगीर गेलं तरी बोलेनात. मग ताईंनी त्यांना विचारलं, "पिठात पाणी गरम घातलं होतं का हो?" तेव्हा कुठे त्यांचं तोंड उघडलं आणि लातूरपर्यंत मिटलं नाही.

समितीतल्या आमच्या कमलची खोली म्हणजे अवघी एक चटई. आत तिचा मुलगा डोळे मिटून कसली तरी सूत्रं घोकत होता. बाहेर दाराच्या चौकटीला कणसांची एक जुडी टांगलेली. पिवळी! वेळ अमावस्येला, म्हणजे आमच्याकडच्या शेतपूजेच्या सणाला, गावच्या शेतातून आणलेली.

"अगं, ही इथं?" मी म्हणाले.

"चिमण्यांसाठी वो, मावशी. गावाकडं दाराला बांधतो, तसं इथं बी बांधलं. घरमालक ओरडून राहिलाय, कचरा होतो म्हणून. लातुरात चिमण्यांना कोण इचारतं?"

अर्धी कणसं चिमण्यांनी टिपलेली होती. उरलेली ताईंनी स्वतःच्या पदरात उतरवून घेतली आणि आसपासच्या खोल्यांतल्या समितीच्या बायकांना बोलावून त्याच चटईवर आमची सभा भरवली. पोरांचे डबे भरता भरता बायका बोलल्या. कुणाच्या माहेरी राळा होता, कुणाच्या सासूकडे कारळं. ताई सगळ्यांचं ऐकत होत्या. मुलाचं घोकणं मोडू नये म्हणून आवाज तेवढा दबका.

अहवाल पुढे धाडण्याआधी ताई पुन्हा गावी आल्या आणि आम्हाला तो वाचून दाखवला. आमच्याविषयी लिहिलेलं आमच्यापुढे वाचणारं माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बियाणंघरातलं मडकं रिकामं होतं, हे त्यांनी लपवलं नव्हतं. पण समिती जिवंत आहे, योजना चालू ठेवावी आणि यापुढे प्रत्येक वाण चार घरांत ठेवावं, असंही लिहिलं होतं.

गयाबाई म्हणाल्या, "ज्वारी मी दळली हे लिहिलंत, हाव, खरं हाय. पण भाकरी चांगली झाली होती, ते न्हाई लिहिलं."

ताईंनी तिथेच पेन काढलं आणि तेही लिहिलं. सरकारदरबारी गेलेल्या कागदात आमच्या जावेची भाकरी आहे, मंडळी! मृगात कमलच्या दारचं बियाणं आम्ही बांधाकडेच्या तुकड्यात पेरलं. आज ती ज्वारी चारच काय, कितीतरी घरांत आहे.

वसुधाताई, मी तुमच्याहून वयानं मोठी, तेव्हा आशीर्वादाचा हक्क माझा. गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, आणि आमच्या नातवंडांच्या पोरांच्या शेतांतही असंच खोडकर प्रश्न विचारत हिंडा.

आणि तुम्ही वाचणारे, शाली-नारळ पुरे झाले. पेढे तर धाडूच नका, ताईंची साखर वाढलीय. ज्वारीच्या कण्या शिजवून पाठवा, दातांना सोप्या जातात. सोबत अंबाडीची भाजी, लसूण सढळ, तिखट बेतानं. डब्यावर नाव मात्र घाला, नाहीतर हा कुणाच्या घरचा म्हणून ताई पंचाहत्तरीचा समारंभ सोडून तपासाला निघतील.