ब्लाउजपीसच्या कव्हरातलं पुस्तक

पुस्तकाचे गठ्ठे छापखान्यातून घरी आले, तो दिवस मला अजून स्वच्छ आठवतो. नवऱ्यानं स्कूटरवर पायाशी एक आणि मागच्या सीटवर एक, अशा खेपा घातल्या. शेजाऱ्यांनी विचारलं, "काय आणलंय एवढं?" की तो म्हणायचा, "आरोग्याचं पुस्तक आहे." आणि पटकन जिना चढायचा. पुस्तक बाईची पाळी थांबण्याच्या वयाबद्दल होतं, आणि मुखपृष्ठावर ते लाल, ठळक अक्षरांत लिहिलं होतं. अक्षरं मोठी हवीत हा माझाच हट्ट. लाज मोडायची तर पहिल्या पानापासून मोडायची, असं मला वाटत होतं.

मी मुलींच्या कॉलेजात गृहविज्ञान शिकवायचे. पंचेचाळिशीनंतरची काही वर्षं माझी फार वाईट गेली. फळ्यावर लिहिता लिहिता मानेपासून वाफ निघाल्यासारखं व्हायचं, खडू घामानं ओला व्हायचा. झोप उडाली होती. भाजीत मीठ कमी आहे एवढं कुणी म्हटलं तरी मी ताट सरकवून उठायचे आणि मोरीत नळ सोडून रडायचे. हे असं होतं, हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आईनं नाही, मोठ्या बहिणीनंही नाही. शेवटी एका डॉक्टरबाईंनी समोर बसवून सगळं नीट समजावलं, तेव्हा मी इतकी हलकी झाले की घरी येऊन लिहायलाच बसले. लिहिलेलं त्यांनी तपासून दिलं. प्रकाशक मिळेना, म्हणून पुस्तक आम्हीच छापलं.

लिहिणं सोपं होतं. विकायचं कसं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

प्रकाशन एका महिला मंडळाच्या हॉलमध्ये झालं. पेढे वाटले, शाल मिळाली, भाषणं झाली. नंतर बायका टेबलाशी आल्या, पुस्तक हातात घेतलं, दोन पानं चाळली आणि खाली ठेवताना मुखपृष्ठ टेबलाकडं करून ठेवलं. शेजारच्या टेबलावर लोणची-मसाल्यांचं पुस्तक होतं. ते तासाभरात संपलं. आम्ही आमचे गठ्ठे जसेच्या तसे परत आणले.  घराजवळ आल्यावर नवरा म्हणाला, "पेढे चांगले होते."

मग मी औरंगपुऱ्यातल्या ओळखीच्या पुस्तकवाल्यांकडं काही प्रती ठेवल्या. सज्जन माणूस. मधुमेह आणि घरगुती औषधांच्या पुस्तकांत त्यांनी माझं पुस्तक उभं करून ठेवलं. महिन्याभरानं गेले तर ते चष्मा पुसत म्हणाले, "ताई, खरं सांगू का? बायका घेतात हातात. उभ्या उभ्या बरंच वाचतात. पण काउंटरवर आणत नाहीत. इथं मी बसलेला, माझा मुलगा बसलेला. शेवटी पंचांग घेऊन जातात."

"मग काउंटरवर एखादी मुलगी ठेवा."

"ठेवतो की. पण पुढं बस आहे, घर आहे. तिथं कुणाला ठेवणार?"

मोबाईलवरही तेच. मी पुस्तकाचा फोटो टाकला की अंगठे यायचे, हात जोडलेले यायचे, 'अभिमान वाटतो ताई' यायचं. मागणी मात्र यायची नाही. एका चुलत दिरांनी फोन करून सांगितलं, "वहिनी, लिहिलंत चांगलं. पण स्टेटसला नका ठेवू. पोरंसोरं बघतात." मी हो म्हटलं आणि फोन बंद केल्यावर मुद्दाम दुसऱ्यांदा स्टेटसला टाकलं.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आपाचं शिवणाचं दुकान होतं. तिच्यापेक्षा मोठ्या बायकाही तिला आपाच म्हणायच्या. पुढं मशीन आणि बायकांना बसायला एक बाकडं, मागं जाड पडदा, पडद्याआड आरसा आणि माप घ्यायची जागा. ती शिकली पैठणच्या मराठी शाळेत, मराठी झरझर वाचायची. बोलायची मात्र आपलं दखनी, त्यात अधूनमधून मराठी. ब्लाउज घालून बघायला मी गेले आणि तिनं सहज विचारलं, "क्या हुआ तुम्हारी किताब का?" तेव्हा मी तिथंच आरशासमोर, टाचण्या लावलेल्या ब्लाउजमध्ये सगळं बोलून गेले.

तिनं ऐकलं आणि म्हणाली, "एक मेरेकू दो. पढ़ती मैं."

दोन दिवसांनी मला रस्त्यातच हाक मारून आत नेलं. दार लोटलं. "ये सब मेरेकू हुआ ना! मैं समझी मशीन की गर्मी है. पंखा नवा लिया मैं." आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसले. मग म्हणाली, "दस-बारा लाके रखो इधर. पडदे के पीछे."

पडद्यामागं का, ते मला आठवड्याभरात कळलं. माप घेताना बाई खोटं बोलत नाही. बाहेर बाकड्यावर नवऱ्याच्या बढतीबद्दल बोलणारी बाई आत गेली की आवाज बारीक करून म्हणायची, "आपा, मागच्या मापानं नको गं. अंग सुटलंय. आणि अस्तर सुतीच लाव, घामानं जीव जातो." मग आपा टेप गळ्यात टाकून आरशाजवळची प्रत उचलायची. "अंग नहीं सुटा, उमर बदल री. ये पढ़ो. समजमें नै आया तो लिखनेवाली इधरच रहती." पुस्तक ब्लाउजच्या पिशवीत जायचं. बघणारं कुणी नाही.

मला वाटलं, जमलं. पण काही दिवसांतच एक बाई पुस्तक परत घेऊन आली. मी तेव्हा दुकानातच होते. ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "चांगलं आहे हो. पण घरात ठेवू कुठं? कपाटात ठेवलं तर सुनेच्या हाताला लागतं, गादीखाली ठेवलं तर मुलगा पांघरूण काढायला येतो. एवढी मोठी लाल अक्षरं!"

ती गेल्यावर आपानं टेप काढून पुस्तकाचं माप घेतलं. दुसऱ्या दिवशी मी गेले तर त्याच पुस्तकाला तिनं कापडाचं कव्हर शिवलं होतं. उरलेलं ब्लाउजपीस, हिरवं, बारीक बुट्टीचं. आतून अस्तर, कडेला पायपिंग. शाळेच्या वहीला घालतो तसं दोन्ही बाजूंनी घालायचं. दिसायला फार सुरेख होतं आणि मला भयंकर राग आला.

"आपा, मी लाज जावी म्हणून लिहिलं आणि तू त्यालाच पडदा घालतेस?"

ती मशीन चालवतच राहिली. "पैले घरमें तो जाने दो उसकू."

"असं लपून जाणार असेल तर नको मला."

"तुमकू नको," ती थांबून म्हणाली, "उनकू होना."

मी रागानंच उठून घरी आले. नवऱ्याला सांगितलं. मला वाटलं, तो माझी बाजू घेईल. तो वर्तमानपत्र बाजूला ठेवून म्हणाला, "मी इतके दिवस आरोग्याचं पुस्तक, आरोग्याचं पुस्तक म्हणतोय. ते पण कव्हरच की." त्याच्या तोंडून एवढं आलं, हेच मला नवीन होतं. मी दोन-तीन दिवस दुकानाकडं फिरकले नाही. मग चिंध्यांची एक पिशवी भरून घेऊन गेले. जुन्या साड्यांचे पदर, उरलेले खण. आपानं पिशवी उघडली आणि तुकडे रंगांप्रमाणे लावायला लागली.

त्यानंतरचे दिवस माझ्या आयुष्यातले फार सुखाचे. कॉलेज सुटलं की मी थेट दुकानात जायचे. आपा कव्हरं शिवायची, मी पुस्तकांना घालायचे. चहा यायचा. गंमत अशी झाली की बायकांना कव्हर आवडायला लागलं. "माझ्या ब्लाउजच्याच कापडाचं कर ना," म्हणायच्या. एकीनं बहिणीसाठी जांभळं नेलं, एकीनं विहिणीसाठी. बाकड्यावर बसल्या बसल्या कुणीतरी मोठ्यानं एखादं पान वाचायचं, दुसरी म्हणायची, "हे माझं!" आणि बोलणं सुरू व्हायचं. मग मीही बोलायचे, माझं मोरीतलं रडणंसुद्धा सांगितलं. वर्गात इतकी वर्षं शिकवूनही कुणी माझं असं ऐकलं नव्हतं.

गिऱ्हाइकांत पाचोडच्या शाळेतल्या एक शिक्षिका होत्या. त्यांनी दोन प्रती नेल्या आणि पुढच्या खेपेला म्हणाल्या, "मॅडम, आमच्या बचत गटात या. बाजाराच्या दिवशी या, सगळ्या गावात असतात."

आपा म्हणाली, "मैं भी आती." दुकानाला कुलूप लावून ती माझ्याबरोबर एसटीत बसली. मांडीवर पुस्तकांची पिशवी, आणि वाटभर खिडकीतून कुणाच्या अंगावर कसलं कापड आहे तेच बघत होती.

बाजाराच्या मागच्या एका ओसरीवर बायका जमल्या होत्या. कुणाच्या पुढ्यात भाजीची पाटी, कुणाच्या कडेवर नातू. मी तयारी करून गेले होते. पाचेक मिनिटं बोलले असेन, सगळ्यांच्या नजरा खाली. पदर तोंडाला. मग आपा उठली आणि पंख्याची गोष्ट सांगितली. मशीन गरम होतंय म्हणून नवा पंखा कसा घेतला, आणि पंख्याखालीही घाम कसा थांबेना. आधी एक हसली, मग सगळ्याच.

एक म्हातारी पुढं सरकली. "मला बी असंच व्हायचं बाई. लई घाम. रातीचं उठून अंगणात बसायचे. सासू म्हणायची, अंगात यायलंय हिच्या. पाट मांडून बसवली मला."

"मग?" मी विचारलं.

"मग काय, बसले. तेवढंच बूड टेकायला मिळालं!"

त्यानंतर मला बोलावंच लागलं नाही. ज्या तिघी-चौघींना वाचता येत होतं, त्या इतरांना पानं वाचून दाखवायला लागल्या. पिशवीतली पुस्तकं संपली. कापड निवडण्यावरून थोडी भांडणंही झाली.

सगळ्या उठल्या तरी खांबाशी एक बाई बसून होती. पन्नाशी ओलांडलेली, काटक. जवळ येऊन हळूच म्हणाली, "माझी जाऊन लई दिवस झाले व्हते. आता परत यायली. तरणी झाले म्हणावं का?" आणि हसली.

 पाळी थांबून वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर ते कर्करोगाचंही लक्षण असू शकतं, म्हणून पुस्तकात मी यासाठी वेगळं पान ठेवलं होतं. पण पान लिहिणं वेगळं आणि समोर हसणारी बाई वेगळी. मी तिचा हात धरला. "मावशी, हे तरुण होणं नाही. घाबरू नका, पण याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा. पुस्तक वाचून हे कळत नाही, तपासावंच लागतं."

"दुखत तर काय नाय."

"दुखत नसलं तरी."

तिनं शिक्षिकाबाईंकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी नेते. सोमवारी रजा टाकते." आणि त्यांनी खरंच नेलं.

 परतीच्या एसटीत रिकामी पिशवी आपानं घडी करून पर्समध्ये ठेवली. मी म्हटलं, "आपा, आज पहिल्यांदा भीती वाटली. कुणी नुसतं पुस्तकावर विसंबलं तर?" ती म्हणाली, "तो बोल के देना हर एक कू. बेचना मतलब खाली देना नै." तेव्हापासून आम्ही दोघींनी ठरवलं, पुस्तक देताना ते पान उघडून दाखवायचंच.

ती पाचोडची बाई वाचली. कर्करोगच निघाला, पण वेळेत कळलं होतं, शस्त्रक्रिया झाली, पुढं तपासण्या चालू राहिल्या. काही महिन्यांनी ती शिक्षिकाबाईंबरोबर दुकानात आली, ब्लाउज शिवायला. अंगानं बारीक झाली होती. "नवं माप घे," म्हणाली. आपानं माप घेतलं आणि शिलाई घेतली नाही. मला मात्र तिनं पिशवीभर शेंगा दिल्या, घरच्या रानातल्या.

दुसरी आवृत्ती निघाली, मग तिसरी. तिसऱ्या वेळी छापखान्यातल्या माणसानं विचारलं, "अक्षरं थोडी लहान करू का?" मी नको म्हटलं. तोवर कितीतरी बायका कव्हर न मागता पुस्तक तसंच न्यायला लागल्या होत्या. सगळ्या नाही, पण बऱ्याच.

मग तो दारं बंद करून बसण्याचा काळ आला. लग्नं थांबली, ब्लाउज थांबले. आपाची मुलगी हैदराबादला असते. ती येऊन आईला घेऊन गेली. आपा महिनाभरासाठी म्हणून गेली, ती तिकडचीच झाली. दुकानात आता मोबाईलची कव्हरं आणि चार्जर मिळतात. पडद्याच्या जागी काच आहे. मीही निवृत्त झाले. शहराच्या पाटीवरचं नाव बदललं, माझ्या तोंडात अजून दोन्ही नावं येतात.

पुस्तक चालू आहे. खरं तर तेव्हापेक्षा जास्त खपतं. मोबाईलवर मागणी येते, मी पाकीट चिकटवते, कुरिअरवाला घेऊन जातो. कोल्हापूर, अकोला, कुठून कुठून. मला गावाचं नाव कळतं. ती बाई कशी आहे, तिनं कुठलं पान आधी उघडलं, वाचताना हसली की गप्प झाली, ते कळत नाही. कधी कधी पाकिटावर पत्ता लिहिताना वाटतं, हिला कुणीतरी ते एक पान उघडून दाखवायला हवं होतं. म्हणून आता मी त्या पानावर आतून एक चिठ्ठी लावते, हातानं लिहिलेली.

गेल्या हिवाळ्यात आपा भाच्याच्या लग्नाला आली होती. दोन दिवस आमच्याकडं राहिली. संध्याकाळी आम्ही हर्सूलच्या तलावावर गेलो. ती थकली आहे, पण बोलणं तसंच. तिकडच्या बायकांबद्दल सांगत होती. बिल्डिंगमध्ये कुणी कुणाकडं जात नाही, तरी तिनं घरातल्या घरात मशीन मांडलंय, आणि हळूहळू दोघी-तिघी यायला लागल्यात. "आते, बैठते. पर अभी बोलते नै," ती म्हणाली.

"बोलतील," मी म्हटलं.

पाण्यावर गार वारा सुटला होता. तिनं तिची शाल अर्धी माझ्या खांद्यावर टाकली आणि आम्ही तशाच बसून राहिलो, अंधार पडायला लागेपर्यंत.