विशेषणांचा मानपान

आमच्या घराण्यात इंग्रजी फक्त मला येतं, आणि तेही घराण्यापुरतंच.

दादा मुंबईची नोकरी सोडून गावी आला आणि वहिनीने पोलादपूरला, आंबेनळी घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर खानावळ काढली. माझं महाडचं अख्खं कॉलेज तिच्या डब्यावर पार पडलं होतं. (पदवीवर नाव माझं, हक्क तिचा!) पण महाबळेश्वरच्या गाड्या तिच्या खानावळीसमोरून सुसाट निघून जायच्या.

"भावोजी, दिवाळीपर्यंत गिऱ्हाईक नाय आलं तर कुलूप लावायचं," ती म्हणाली. "तुमचं ते इंग्लिश कायतरी लिवा की मोबाइलवर!"

मला भरून आलं. त्या डब्यांचे उपकार फेडायची हीच वेळ! मी सगळी भावकी कामाला लावली. प्रत्येकाने मोबाइलच्या नकाशावर खानावळीच्या नावाखाली एक कौतुकाचा इंग्रजी शब्द टाकायचा, शब्द मी पुरवणार. गुड, नाइस, सुपर्ब, एक्सलंट!

इथेच मी माती खाल्ली. आमच्याकडे पालखीच्या खांद्यापासून लग्नातल्या नारळापर्यंत सगळं मानाप्रमाणे चालतं. विशेषणं त्यातून कशी सुटणार?

"दिन्या, यातला मोठा कुठला रे?" थोरल्या काकांनी विचारलं.

"एक्सलंट."

"मग तो माझा."

"आन् मला नाइस?" धाकटे काका उसळले. "भावकीत माझी किंमत नाइस?"

"बरं, तुम्हाला सुपर्ब."

"तो एक्सलंटच्या वर का खाली?"

आता हे कुणाला ठाऊक! मी घाबरून म्हणालो, "शेजारी." झालं! थोरले काका रुसले. धाकटा त्यांच्या शेजारी बसतोच कसा? शेवटी त्यांच्यासाठी 'मॅग्निफिसंट' काढला. (लांबी बघूनच खूश झाले.) गुड आणि नाइसला तर कुणी हात लावेना.

बरं, पहिला मान थोरल्यांचा, आणि त्यांच्या वाडीत रेंज नाही! ते टेकडी चढेपर्यंत सगळी भावकी मोबाइल धरून ताटकळली. मग एकाच संध्याकाळी, एकाच आडनावाची स्तुती धो धो कोसळली.

दुसऱ्या दिवशी पुण्याचं एक कुटुंब गाडीतून उतरलं. गृहस्थांनी मोबाइल पुढे धरला. "हे सगळे तुमचेच नातेवाईक का हो?"

मी लपायला स्वयंपाकघराकडे निघालो. वहिनी मात्र शांतपणे म्हणाली, "हो, सगळी घरचीच. पण भूक तुमची हाय ना? बसा, खाऊन बगा."

ते हसले आणि बसले. वाढायला मी! तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, आणि त्यातला निम्मा रस्सा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर. तरी त्या देवमाणसाने निघताना मोबाइलवर त्याच स्तुतीखाली इंग्रजीत लिहिलं, 'जेवण एक्सलंट. वाढणारे ॲव्हरेज.' त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. तेव्हापासून गाड्या थांबू लागल्या, दिवाळी होऊन गेली आणि कुलपाचं नाव कुणी काढलं नाही.

"ॲव्हरेज म्हंजे काय हो भावोजी?" वहिनीने विचारलं.

"एक्सलंटच्या अगदी खालोखाल," मी म्हणालो.

तिला केवढा आनंद झाला! आता येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती माझ्याकडे बोट दाखवून अभिमानाने सांगते, "हे आमचे भावोजी. ॲव्हरेज हायत!"